समोर कोण बसलं होतं?

१

पुरुषोत्तम हुक्केरी मंगळवारी वारले, आणि पुढच्या सोमवारी सकाळी दहाला ते चार हजार मुलांचा पहिला तास घेणार होते. यात थाप नाही. थापा मारायला पुढं पुष्कळ जागा आहे, इथं गरज पडली नाही.

हुक्केरी कन्नड मुलुखातल्या बोम्मसंद्र्याच्या उद्यमपीठात अठ्ठावीस वर्षं शिकवत होते. उद्यमपीठ म्हणजे बिझनेस स्कूल. स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या शेडमध्ये सुरू झालं, आणि पुढं काचा लावून मोठं झालं. अलीकडं त्या काचांमागं माणसं दिसेनाशी झाली होती. दोनशे चाळीस जागांतल्या एक्काहत्तर भरल्या. पोरं म्हणायची, दोन वर्षं बसून जे शिकायचं ते फोनमधलं यंत्र दोन मिनिटांत सांगतं. कंपन्याही पदवीकडं बघीनाशा झाल्या होत्या. म्हणून तळमजल्यावर स्टुडिओ आला. त्यात हुक्केरींना बसवून त्यांची एकशे बारा व्याख्यानं टिपली गेली, आणि त्यांतून पडद्यावरचे एक हुक्केरी तयार झाले. ते थकत नसत, रजा मागत नसत, आणि चार हजार जणांना एकाच वेळी नावानं हाक मारत. खऱ्या हुक्केरींनी परवानगीची सही केली की झालं. ते सही करत नव्हते.

मंगळवारी सकाळी स्टुडिओ उघडला तेव्हा ते कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत होते, मान छातीवर पडलेली. शेजारी कॉफीचा लोटा, झोपेच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं. समोरच्या संगणकावर सव्वीस सेकंदांची एक फीत उघडी होती. नाव दिलं होतं, ‘मैत्रेयीसाठी’. मैत्रेयी त्यांची मुलगी. एकुलती, आईविना वाढलेली.

फितीत हुक्केरी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत बोलत होते:

“मैत्रेयी... रविवारी आम्ही लालबागेत गेलो होतो. छान दिवस गेला. आपण हे कॉलेज शेडमधनं उभं केलं. आता मी थकलोय. माझा आवाज आता कॉलेजचाच झालाय. तो चालू दे. मला जाऊ दे.”

इन्स्पेक्टर आप्पाजी सावध माणूस. आजकाल मेलेला माणूसही फोन करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फीत तज्ज्ञांकडं पाठवली. बुधवारी उत्तर आलं: आवाज यंत्रानं बनवलेला नाही, शंभर टक्के हुक्केरींचाच. मग आत्महत्या हा शब्द कागदावर चढला.

फीत बघून मैत्रेयी एवढंच म्हणाली, “बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत.”

आप्पाजींनी मान हलवली. दुःखात माणसाला असं वाटतं.

२

मैत्रेयी बापाबरोबर के. आर. पुरमला राहायची, आणि शेजारी तानूबाई. दोन्ही घरं मूळची निपाणीकडची, घरात मराठी बोलणारी. तानूबाई सत्तरीच्या. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडले. असं सांगतात की हुबळीला कुणी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की बाई इकडं ओळखायच्या, कॉल लग्नाचा की मयताचा. एकदा म्हणे मंगळूरच्या एका गृहस्थाच्या खोकल्यावरून त्यांनी सांगितलं, याचं दुसरं बिऱ्हाड आहे. होतं. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही पुष्कळ होतं.

“अक्का,” मैत्रेयी म्हणाली, “कॉलेजच्या ट्रस्टच्या वकिलाचं पत्र आलंय. बाबा फितीत म्हणाले, आवाज कॉलेजचा झालाय, तो चालू दे. ती त्यांची अंतिम इच्छा धरायची म्हणे. सोमवारपासून बाबा शिकवणार. पुढच्या वर्षी पण. त्याच्या पुढच्या वर्षी पण. मी म्हातारी होईन आणि ते तिथंच, त्याच निळ्या शर्टात.”

“सोमवारी रात्री बाप घरी आला नाही, तुला काळजी वाटली नाही?”

“संध्याकाळी त्यांच्या फोनवरून निरोप आला होता, आज इथंच मुक्काम. उशीर झाला की राहायचे ते गेस्ट हाउसला.”

“तोंडी निरोप का टाईप केलेला?”

“टाईप केलेला.”

“पुरुषोत्तम आणि टाईप?”

मैत्रेयीनं आपला फोन पुढं केला. बाप तिला पुट्टी म्हणायचा, आणि त्याचे मागचे सगळे निरोप आवाजाचे होते. शेवटचा अकरा सेकंदांचा: ‘पुट्टी, दही संपलंय. येताना घेऊन ये. आंबट नको.’ त्याच्याखाली, एकटाच, टाईप केलेला.

तानूबाईंनी चप्पल पायात घातली. “सरी. चल, तुझ्या बापाचं कॉलेज दाखव.”

३

संचालक अजित पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी उद्यमपीठ सावरायला म्हणून आणलेला.

“ॲक्च्युअली मावशी, मी टोटली शॉक्ड आहे—”

“मावशी नको. तुझी आई माझी बहीण नव्हे. अक्का म्हण, या गावात ते सगळ्यांना फुकट असतं. पुरुषोत्तम गेला तर तुझं सोपं झालं न्हवं?”

अजित उठला. मग त्यानं कपाटातून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. वर हुक्केरींच्या अक्षरात: ‘यापुढं काय शिकवायचं’.

“सर काय म्हणायचे माहितेय? लेक्चर द्यायचंच बंद करा. ते यंत्र देईल, आपल्यापेक्षा बरं देईल. कॅम्पस विका, होस्टेल विका. बोम्मसंद्र्याच्या, होसकोट्याच्या कारखान्यांत जा. शिफ्ट संपली की सुपरवायझर, फोरमन यांना घेऊन बसा. बारा-बारा जण. परीक्षा तोंडी. हे बघा, शेवटचं पान.”

तानूबाईंनी वाचलं: ‘यंत्राला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात. समोर कोण बसलंय हे त्याला कळत नाही. आपला धंदा आता तेवढाच उरला आहे.’

“तुला पटलं?”

“नाही. स्केल होत नाही ते. पण सरांना मारायला मी काय वेडा आहे? ते मला ‘अहो सर’ म्हणायचे. या वयाचा माणूस, मला. लाज वाटायची.”

“मारलं असं कोण म्हणालं?”

अजितनं फाईल मिटली. “तुम्ही... तुम्ही चौकशी करताय ना, म्हणून.”

स्टुडिओ सोनमच्या ताब्यात. आठ महिन्यांपूर्वी मुंबईहून आलेली, हिंदीत विचार करून मराठीत बोलणारी.

“सर माझ्याशी हिंदीतच बोलायचे, अक्का. ‘बेटा, ये लाइट आँख में आता है’. रोज तेच.” तिनं दिवा खाली वळवला. “त्यांना बनवलं मीच ना, पडद्यावरचं. आता ते बघवत नाही.”

“हे यंत्र चालवायला कुणाकुणाला येतं?”

“सगळ्यांना. ट्रस्टींनासुद्धा शिकवलं. माणूस बोलतो ते इथं टाईप होऊन येतं. नको तो शब्द खोडला की चित्रातूनही जातो. जोड दिसतच नाही. पण कॅमेरा कधी चालू, कधी बंद, ते फक्त मी बघते, आणि सोमवारी मी पाचलाच निघाले. बंद करायचा राहिला का, आठवत नाही.”

“सोमवारी पाचनंतर इथं कोण होतं?”

“सर.” तिनं छताकडं बघितलं. “आणि अजित सर वर ऑफिसात होते. सातपर्यंत.”

४

उद्यमपीठाचे संस्थापक विश्वस्त विश्वासराव झाडाखाली बाकावर बसले होते. तानूबाईंना बघून उठले आणि रडले. मोठ्यानं नाही. खांदे हलत होते तेवढेच.

“शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, तानूअक्का. बाकं मी उचलायचो, फळा तो धुवायचा. शिपायाला द्यायला पगार नव्हता म्हणून घंटा पण आम्हीच वाजवायचो. आता त्याचा चेहरा पडद्यावर... मला तिकडं बघवत नाही.”

“मग थांबवा की. तुम्ही विश्वस्त.”

“मी एकटा काय थांबवणार? पोरी, तुला सांगतो,” ते मैत्रेयीकडं वळले, “बरं म्हण, वाईट म्हण, तुझ्या बापामुळं हा दिवा जळत राहील. हे कॉलेज बंद पडलं तर तो दुसऱ्यांदा मरेल.”

त्यांनी शेजारच्या पिशवीतून स्टीलचा थर्मास काढून लोट्यात कॉफी ओतली. “घ्या. घरची आहे. पुरुषोत्तमला हीच लागायची.”

तानूबाईंनी घेतली. चांगली होती, गोड, चिकोरी बेताची.

“सोमवारी आला होता का तुम्ही?”

“सोमवारी मी होसकोट्याला होतो. आलो असतो तर... ” त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

परतताना बसमध्ये मैत्रेयीनं विचारलं, “कुणी केलं, अक्का?”

“मला काय ठाऊक? तिघंही दुःखी आहेत. तिघांचंही दुःख खरं वाटलं. एवढी वर्षं आवाज ऐकले, पण खरं दुःख आणि खोटा माणूस एकाच तारेवर आले तर मला पण कळत नाही.”

५

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाईंनी ती सव्वीस सेकंदं साठदा ऐकली. डोळे मिटून, पदर कानामागं खोचून. आवाज पुरुषोत्तमचाच. धमकी नाही, धाक नाही. उलट मजेत होता गडी. मरायला निघालेल्या माणसाचा आवाज खाली बसतो; हा उभा होता.

मैत्रेयी ओट्याला टेकून उभी होती. बाई भाकरी थापत होत्या.

“बाबा असे नव्हते हो, अक्का. गेल्या रविवारी आम्ही लालबागेत गेलो होतो. तीन तास झाडांतनं फिरलो. त्यांनी कणीस खाल्लं, दातात अडकलं म्हणून घरी येईपर्यंत तक्रार केली. जो माणूस मंगळवारी...”

“आम्ही म्हणे,” बाई भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या. “शेजारच्या म्हातारीला लालबाग दाखवावी असं काही बापलेकींना सुचलं नाही. आम्ही गेलो, आम्ही फिरलो. आम्ही.”

आणि त्यांचा हात तव्यावरच राहिला.

भाकरी करपली. मैत्रेयीनं गॅस बंद केला. “अक्का, भाजलं का?”

“मैत्रा, तू होतीस न्हवं लालबागेत?”

“मीच तर होते. आम्ही दोघंच.”

“मला तू ‘आम्ही’ म्हणालीस, कारण मी नव्हते. मग तुझ्या बापानं तुला ‘आम्ही’ का म्हणावं?”

मैत्रेयीनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

“तुला सांगायचं असतं तर तो म्हणाला असता, ‘आपण गेलो होतो’. तीन वर्षांचं पोर चुकत नाही ते. तू पहिल्याच दिवशी बोललीस, बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. आम्ही सगळे समजलो, रडतेय पोर. तू बरोबर ऐकलं होतंस.” बाईंनी हात पुसले. “आवाज त्याचा. शब्द त्याचे. पण समोर दुसरंच कोणीतरी बसलं होतं. आणि कोण, ते पुढच्याच वाक्यात आहे.”

त्यांनी आप्पाजींना फोन लावला.

६

शनिवारी सकाळी स्टुडिओत सहा माणसं होती: तानूबाई, मैत्रेयी, आप्पाजी, अजित, सोनम आणि विश्वासराव. हुक्केरींची खुर्ची रिकामी. तिच्यात कुणी बसलं नाही.

“इन्स्पेक्टर, तुमच्या कन्नडात ‘नावु’ म्हटलं की सगळे आत,” बाई म्हणाल्या. “इंग्रजीत पण तसंच, हिंदीत पण. मराठीत मात्र दारात माणूस बसवलाय. समोरचा आत असला तर ‘आपण’, बाहेर असला तर ‘आम्ही’. तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. आता ऐका. ‘रविवारी आम्ही लालबागेत गेलो होतो.’ म्हणजे समोरचा लालबागेत नव्हता. मैत्रा होती. म्हणजे समोर मैत्रा नव्हे.”

“बरं,” आप्पाजी म्हणाले.

“पुढं. ‘आपण हे कॉलेज शेडमधनं उभं केलं.’ म्हणजे समोरच्यानं त्याच्याबरोबर शेडमधनं कॉलेज उभं केलं. तेव्हा मैत्रा जन्मली पण नव्हती. सोनम आठ महिन्यांची इथली, अजित दोन वर्षांचा.”

“एक मिनिट,” अजित म्हणाला. घाबरलेला, पण पुण्याचा. “‘आपण’ आदरार्थी पण असतं. आपण या, आपण बसा. ते कुणालाही असू शकतं.”

“आदरार्थी असतं तर ‘उभं केलंत’ आलं असतं. इथं ‘केलं’ आहे. आणि शेवटी म्हणतो, ‘मला जाऊ दे’. तुला ‘अहो सर’ म्हणणारा माणूस ‘जाऊ द्या’ म्हणाला असता. ज्याला तो अरे-तुरे करायचा, जो लालबागेत नव्हता, आणि जो शेडमध्ये होता, असा एकच माणूस आहे.”

कुणी विश्वासरावांकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

“मी होसकोट्याला होतो,” विश्वासराव हळू आवाजात म्हणाले. “आणि तानूअक्का, मी पण मराठीच आहे. मी असलं काही केलं असतं तर ही चूक मलाच पहिल्यांदा दिसली असती.”

“तीच तर गंमत. अजितच्या कानात निम्मं इंग्रजी, सोनमच्या कानात हिंदी, त्यांना खटकलं नाही ते समजलं. तुम्हाला का खटकलं नाही? कारण ते तुमच्याशीच बोलायलाय, विश्वासराव. कॅमेरा चालूच राहिला होता, त्या फितीतले शब्द तुम्ही खोडत बसलात, आणि प्रत्येक वेळी ऐकताना तुम्हीच समोर होता. तुमच्या कानाला सगळं बरोबरच होतं.”

विश्वासरावांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“सोनम,” बाई म्हणाल्या, “खोडलेले शब्द जातात कुठं?”

सोनम दचकली. “सात दिवस राहतात. टोपलीत. कुणी विचारलंच नाही, फीत पूर्ण आहे असंच सगळे...” तिची बोटं चालायला लागली होती. “आज पाचवा दिवस.”

पडद्यावर हुक्केरी पुन्हा दिसले. तेच, निळ्या शर्टात, कॅमेऱ्याच्या बाजूला बघत. या वेळी कुणी त्यांना मध्येच तोडलं नाही.

“मैत्रेयी खूश होती रे. रविवारी आम्ही लालबागेत गेलो होतो. तुला फोन केलता, उचलला नाहीस. छान दिवस गेला. पुढल्या रविवारी आपण तिघं जाऊ. सही? नाही करणार, विश्या. कितींदा विचारशील? आपण हे कॉलेज शेडमधनं उभं केलं. पत्र्याला भोकं होती, तरी पोरं बसायची का नाही? परत शेडमध्ये जाऊ. मला भ्या वाटत नाही. आता मी थकलोय, दिवसभर या डबड्यापुढं बोलून. माझा आवाज आता कॉलेजचाच झालाय, घरी न्यायला उरत नाही. अरे, पंखा कशाला बंद करतोस? तो चालू दे. कॉफी आज कडू लागायलीय, काय घातलंस? बरं, मला जाऊ दे. पुट्टी वाट बघत असंल.”

ते उठायला गेले आणि परत बसले. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज होता.

सोनमनं पडदा बंद केला.

“कॉलेजात पैसे घालणारे लोक म्हणाले, हुक्केरींचा चेहरा नसेल तर आम्ही येत नाही,” विश्वासराव म्हणाले. ते आप्पाजींशी बोलत नव्हते, खुर्चीशी बोलत होते. “तो म्हणत होता, सगळं विका, शेडमध्ये जाऊ. सदुसष्टाव्या वर्षी मी परत बाकं उचलायची? लोकांना काय सांगू, कॉलेज कुठं गेलं? मी कॉलेज वाचवलं. ते त्याचंच होतं की. मी त्याला त्यातच ठेवला.”

“तुम्हाला तो लालबागेत न्यायला निघालता,” तानूबाई म्हणाल्या.

विश्वासराव जागचे उठले. आप्पाजींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. थर्मासची पिशवी त्यांच्या हातातच होती. ती दारात काढून घेण्यात आली.

अजित भिंतीला टेकला. “वकिलाचं पत्र मी मागं घेतो. पण सोमवारी दहाला चार हजार जण पडद्यासमोर बसणार. त्यांना काय दाखवू?”

“ती फाईल आहे न्हवं तुझ्याकडं? स्प्रिंगवाल्यांचं शेड अजून उभं आहे, येताना बघितलं मी. पत्रा तेवढा बदलून घे.”

“बारा जण, अक्का. चार हजार कुठं आणि बारा कुठं.”

“बारा पण येतील का नाही, सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. त्या खोटं सांत्वन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सोनम मैत्रेयीजवळ आली. इन्स्पेक्टरनं त्या संध्याकाळची प्रत पुराव्याला घेतली होती. यंत्रात उरलं होतं ते: एकशे बारा व्याख्यानं, पडद्यावरचे हुक्केरी, आणि ही सोमवारची संध्याकाळ. सोनमनं पडदा पुन्हा चालू करून, पुसायचं म्हणून एकेकावर खुणा केल्या. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

“हे ठेवू? यात ते... खरे आहेत. हसतात पण.”

मैत्रेयीनं त्या ओळीशेजारच्या छोट्या चित्राकडं बघितलं. बाप तिथं उठायच्या बेतात, अर्धवट हसत, बाजूला कुणाकडं तरी बघत थांबलेला होता.

“पुसा,” ती म्हणाली. “ते माझ्याशी बोललेले नाहीत.”

बोम्मसंद्र्याहून के. आर. पुरमला दोन तास लागले. उतरल्यावर तानूबाई दुकानापाशी थांबल्या. मैत्रेयीनं आधी फोन कानाला लावून अकरा सेकंदं ऐकलं, मग दुकानदाराला दही मागितलं.

“आंबट आहे का?” तिनं विचारलं.

“स्वल्प,” तो म्हणाला.

“मग नको.”